टोकियोत पेपर लावला त्याला सहा महिने झाले, आता रिव्ह्यू

निशी-कासाईत राहून घरी जपानी पेपर लावलाय म्हटल्यावर लोक असं बघतात जसं काही मी घरात नवीन लँडलाइन घेतलाय. ऑफिसातले जपानी पण तसेच बघतात. आमच्या टीममधल्या पंचविशीतल्या पोरांपैकी एकाकडेही पेपर येत नाही, एक जण म्हणाला आजोबांकडे येतो. तरी गेल्या महिन्यात आपल्यापैकी तीन-चार जणांनी विचारलं की कसा आहे, परवडतो का, जपानी सुधारतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पेपरचं नाव मात्र सांगणार नाही. देशभर जाणारा मोठा पेपर आहे एवढं धरा, आणि पुढे जे रडगाणं आहे ते कमीजास्त सगळ्याच मोठ्या पेपरांचं आहे, मग एकालाच कशाला नावं ठेवायची.

सुरुवात अशी झाली. रविवारी दुपारी बेल वाजली, दारात साठीचे एक गृहस्थ, हातात कपड्यांच्या साबणाचे दोन डबे. मला वाटलं साबण विकायला आलेत. तर ते पेपरवाले काका. इथे पेपर कंपनी वेगळी आणि घरोघरी टाकणारं दुकान वेगळं, त्या दुकानाला हानबाइतेन म्हणतात, गिऱ्हाईक पकडायचं, पेपर टाकायचा, पैसे गोळा करायचे हे सगळं त्या दुकानाचं काम. साबण, टॉवेल, बिअर, बेसबॉलची तिकिटं देऊन गिऱ्हाईक पटवायचं ही जुनी रीत आहे आणि ती एवढी बोकाळली होती की त्यावर नियम करावा लागला, भेटवस्तू फार तर सहा महिन्यांच्या वर्गणीच्या ८ टक्क्यांपर्यंतच. वर्गणी महिन्याला पाच हजार येनच्या आसपास, म्हणजे हिशेबाने दोन हजार चारशेच्या आसपास येनचा साबण. बायको आतून मराठीत म्हणाली, "अहो, अजून एक डबा मागा की." मी मागितला. काकांनी हसत दिला, ८ टक्क्यांत बसत होता की नव्हता देव जाणे.

(दारावर येऊन केलेला करार आठ दिवसांत मोडता येतो, ते कागदावर लिहिलेलं असतं. नवीन आलेल्यांनी हे लक्षात ठेवा कारण आठ दिवसांनंतर मुदतीच्या आधी बंद करायचं म्हटलं की साबणाची पण आठवण करून देतात.)

आता सर्व्हिस. सर्व्हिसबद्दल बोलायचं तर मी टोपी काढतो. पहाटे साडेचारच्या सुमाराला खालून छोट्या स्कूटरचा आवाज येतो, ब्रर्र करून थांबतो, जिन्यावर पावलं, दाराच्या फटीत खट्, परत ब्रर्र. सहा महिन्यांत एकदाही चुकला नाही. पावसाची नुसती शक्यता असली तरी पेपर प्लॅस्टिकमध्ये सील होऊन येतो. वादळ येऊन लोकल बंद होत्या त्या दिवशी सुद्धा आला, फक्त पाच वाजता आला आणि सोबत उशीर झाल्याची माफी मागणारी छापील चिठ्ठी. लहानपणी आमच्याकडे साताऱ्याला पेपर गॅलरीत फेकायचे, अर्ध्या वेळा तो शेजारच्यांच्या तुळशीत पडायचा आणि मग आधी ते वाचायचे. इथे ती मजा नाही.

टाकणारा पोरगा नेपाळचा आहे. सकाळी पेपर, मग जपानी भाषेची शाळा, दुपारी परत संध्याकाळचा पेपर, अशी त्याची ड्युटी, बदल्यात शिक्षणाच्या खर्चाला मदत आणि राहायला खोली. पूर्वी ही पेपर-स्कॉलरशिप गावाकडून टोकियोत शिकायला आलेली जपानी पोरं घ्यायची, आता तशी पोरं मिळत नाहीत. एकदा पहाटे मला जाग होती, दार उघडलं, हिंदीत बोललो. म्हणाला, "दाइ, पेपर वाचता नाही येत अजून, पण कुठल्या दारात कुठला पेपर ते पाठ आहे." दुकान एकच असलं तरी चार-पाच वेगवेगळे पेपर टाकतं ना. विचार करा, जपानची एवढी जुनी परंपरा आता ज्याला ती वाचता येत नाही अशा पोराच्या खांद्यावर उभी आहे. आणि खांदा तरी किती दिवस, २००० साली देशात रोज ५ कोटी ३७ लाख पेपर खपायचे, २०२३ ला २ कोटी ८६ लाखांवर आले. संध्याकाळच्या आवृत्तीचे तर दिवस भरलेत. होक्काइदोच्या सगळ्यात मोठ्या पेपरने २०२३ च्या सप्टेंबरअखेर ती बंद केली, माइनिचि या देशभर जाणाऱ्या मोठ्या पेपरने २०२४ च्या सप्टेंबरनंतर तोयामा प्रांतात पेपर टाकणंच थांबवलं.

आत काय असतं? पेपर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. पहिले दोन महिने मी मथळा आणि हवामान एवढंच वाचत होतो. मग हळूहळू पहिल्या पानाच्या तळाशी जो रोजचा छोटा लेख असतो तो वाचायला लागलो. हे लेख म्हणजे इथे दागिनाच समजतात, एका पेपरच्या लेखाची तर वहीत हाताने नक्कल करायची पद्धत आहे, त्यासाठी खास चौकटी आखलेल्या वह्या विकत मिळतात. मी पण आणली एक. जपानी सुधारतं का या प्रश्नाचं उत्तर: हो, पण वही घातली तर.

आठवड्यातून एकदा वाचकांच्या हायकू आणि तान्कांचं (हायकूहून थोडी मोठी, पाच ओळींची कविता) पान. हे माझं सगळ्यात आवडतं. निवृत्त शिक्षक, शेतकरी, दवाखान्यात पडलेल्या आजी, सगळे पोस्टकार्डावर कविता पाठवतात आणि मोठे कवी त्यातून निवडतात. रोज शोगीच्या (जपानी बुद्धिबळ) नाहीतर गोच्या (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ) डावाचं सदर, चालीसकट. कारण मोठ्या स्पर्धा पेपरच भरवतात, शोगीचा रियूओ किताब योमिउरिचा, मेइजिन किताब आसाहि आणि माइनिचि मिळून. उन्हाळ्यातली शाळकरी पोरांची कोशिएन बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून आसाहिची, वसंतातली १९२४ पासून माइनिचिची, जानेवारीतली हाकोने एकिदेन ही कॉलेजच्या पोरांची लांब पल्ल्याची रिले शर्यत योमिउरिच्या घरची. म्हणजे काय की जपानी माणूस ज्याला आपली परंपरा म्हणतो त्यातली निम्मी पेपरवाल्यांनी उभी केलेली आहे, आणि मनापासून सांभाळलेली आहे. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

पण इथेच ग्यानबाची मेख आहे. ज्याच्या घरचं लग्न तो जेवणाला नावं कशी ठेवणार? ऑगस्टच्या मरणाच्या उन्हात पोरांना बेसबॉल का खेळवता हे कोशिएनच्या यजमानाने खडसावून विचारायचं कसं? २०२४ मध्ये पहिले काही दिवस सामने सकाळ-संध्याकाळ असे वाटले, बरं झालं, पण किती वर्षं गेली बघा. टोकियो ऑलिंपिकला तर योमिउरि, आसाहि, माइनिचि, निक्केइ चौघेही अधिकृत प्रायोजक होते. बातमी देणारेच मांडव घालणारे. खरं सांगायचं तर त्यातल्या आसाहिने मे २०२१ ला अग्रलेखात सरळ लिहिलं की स्पर्धा रद्द करा. प्रायोजक राहून. याला धाडस म्हणायचं की दोन्ही दगडांवर पाय, आमच्या ऑफिसात यावर दोन तट पडले होते.

तिसऱ्या महिन्यात मला एक गोष्ट खटकायला लागली. शनिवारी मी पोरीला घेऊन वॉर्डाच्या लायब्ररीत जातो, तिथे सगळे पेपर लाकडी दांडीला अडकवलेले असतात, शेजारी शेजारी. म्हातारे लोक भिंगं घेऊन बसलेले. मी चार पेपर घेऊन एकच बातमी चारही ठिकाणी वाचायचा नाद लावून घेतला, भाषेच्या सरावासाठी म्हणून. तर मंत्रालयाची, पोलिसांची बातमी असली की चारही पेपरांत तेच आकडे, तोच क्रम, आणि शेवट ठरलेला: "कोतो गा वाकात्ता". म्हणजे "असं कळलं". कुणाला कळलं, कुणी सांगितलं, ते नाही. फार तर "संबंधितांच्या म्हणण्यानुसार". आपल्याकडचं "विश्वसनीय सूत्रांकडून" चालेल एकवेळ, त्यात निदान सूत्र तरी आहे, इथे बातमी आपोआप आभाळातून पडल्यासारखी "कळते". एका शनिवारी मी मोजलं, नऊ बातम्यांत सात "वाकात्ता".

मग शेजारच्या टेबलावरच्या एका जपानी मित्राने समजावलं, हे किशा कुराबुचं काम. पत्रकारांचे क्लब. मंत्रालय, पोलीस मुख्यालय, पंतप्रधानांचं कार्यालय, प्रांताची कचेरी, सगळीकडे असा एकेक क्लब, खोली सरकारी इमारतीतच, आणि त्यात मोठे पेपर, एजन्सी, टीव्हीवाले. १८९० पासूनचं आहे, संसद नवीन उघडली तेव्हा आत घेत नव्हते म्हणून पत्रकारांनी एकजूट केली. म्हणजे दार उघडायला म्हणून केलेली टोळी, आणि शंभर वर्षांनी तीच दारात उभी राहून बाकीच्यांना अडवायला लागली. साप्ताहिकं, फ्रीलान्सवाले, परदेशी पत्रकार वर्षानुवर्षं बाहेर. २००२ मध्ये युरोपियन युनियनने हे क्लब बंद करा म्हणून लेखी मागणी केली, २००१ ला नागानोच्या गव्हर्नर तानाका यासुओंनी स्वतःच्या कचेरीतला क्लब बरखास्त केला, कामाकुराच्या महापौरांनी त्याआधी १९९६ लाच सगळ्यांना दार उघडलं होतं. बाकी ठिकाणी अजून आहेच.

यात कुणी डोक्याला बंदूक लावत नाही हे लक्षात घ्या. राज्यघटनेचं २१ वं कलम स्वच्छ आहे, सेन्सॉरशिप नाही म्हणजे नाही. २०१३ ला गोपनीयतेचा कायदा आणला, गुपित फोडणाऱ्याला १० वर्षांपर्यंत, फोडायला चिथावणाऱ्याला, म्हणजे पत्रकार पण आला त्यात, ५ वर्षांपर्यंत तुरुंग, त्यावर मोर्चे निघाले. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था पत्रकार स्वातंत्र्याची जी जागतिक यादी काढते तिच्यात जपान २०१० ला ११ वा होता, २०१६ ला ७२ वा, २०२५ ला ६६ वा. (आपण २०२५ च्या त्याच यादीत १५१ वर बसून त्यांना नावं ठेवतोय, माहितीये मला, कमेंटमध्ये कुणी लिहायला नको.) पण कायद्यापेक्षा खरी अडचण सभ्यतेची आहे असं माझं मत. रांग मोडायची नाही, यजमानाला अवघडवायचं नाही, बाकीचे जे विचारत नाहीत ते आपण विचारायचं नाही. वरच्याची मर्जी न सांगता ओळखून वागणं, त्याला सोंताकु म्हणतात, २०१७ ला हा शब्द घराघरात पोचला. आणि विनोद असा की पहाटे साडेचारला पेपर सुरळीत दारात येतो तो पण याच स्वभावामुळे येतो.

हे फार मोठं वाक्य झालं, उदाहरणं देतो. तोक्यो शिंबुन या पेपरच्या मोचिझुकि इसोको या बाईंनी जून २०१७ ला मंत्रिमंडळाच्या मुख्य सचिवांना (इथे हा मंत्रीच असतो आणि सरकारचा प्रवक्ता) एकाच पत्रकार परिषदेत २३ प्रश्न विचारले. २३! आपल्याकडे चॅनेलवाल्यांनी एकाच वेळी २३ जणांनी विचारले असते, पण इथे गहजब झाला, डिसेंबर २०१८ ला पंतप्रधान कार्यालयाने क्लबलाच लेखी कळवलं की या पत्रकाराच्या प्रश्नांचं काहीतरी बघा. दुसरं, मे २०२०, कोविडची आणीबाणी चालू, टोकियोचे बडे सरकारी वकील कुरोकावा पैसे लावून माहजोंग खेळताना सापडले आणि खेळायला सोबत कोण तर सांकेइ या पेपरचे दोन पत्रकार आणि आसाहिचा एक माणूस जो आधी पत्रकार होता. बातमी कुणी दिली, तर क्लबबाहेरच्या एका साप्ताहिकाने. साहेबांच्या घराबाहेर रात्री थांबायचं, पहाटे गाठायचं, ओळख वाढवायची, याला इथे पत्रकारितेचं शिक्षणच समजतात, त्यातून पुढे माहजोंगचं टेबल येतं.

हे बाहेरच्यांचं प्रकरण यादी काढावी इतकं मोठं आहे. पोरांचे पॉप बँड काढणाऱ्या बड्या एजन्सीचा मालक जॉनी कितागावा याने लहान पोरांवर केलेले अत्याचार एका साप्ताहिकाने १९९९ पासून छापले, २००३ मध्ये हायकोर्टाने मुख्य आरोप खरे मानले, पेपरांत चार ओळी. २०२३ ला बीबीसीने दाखवल्यावर सगळ्यांना कंठ फुटला. सत्ताधारी पक्षातल्या काळ्या पैशाच्या हिशेबाची २०२२ ची बातमी कम्युनिस्ट पक्षाच्या आकाहाताची, पक्षाचा पेपर म्हणून त्याला क्लबात जागा नाही. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट: तेव्हाच्या युवराजांचं (आताचे सम्राट) लग्न ठरत होतं तेव्हा १९९२ पासून सगळ्या पेपरांनी आपसात करार केला होता की राजघराण्याला त्रास नको, मुलगी कोण ते छापायचं नाही. सगळ्यांनी पाळला. ६ जानेवारी १९९३ ला नाव फोडलं वॉशिंग्टन पोस्टने. आपल्याकडे ६ जानेवारी म्हणजे दर्पणचा दिवस, पत्रकार दिन! बाळशास्त्री जांभेकर वरून बघत असते तर हसले असते.

बरं, एवढं वाचून कुणाला वाटेल की इथले पत्रकार सगळे मिंधे. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. मोरितोमो प्रकरणात (या नावाच्या शिक्षणसंस्थेला सरकारी जमीन स्वस्तात विकल्याचं प्रकरण) अर्थ मंत्रालयाने सरकारी कागद बदलले हे २ मार्च २०१८ ला आसाहिनेच छापलं, मंत्रालयाला १४ कागदांची कबुली द्यावी लागली. किरियू यूयू नावाचे संपादक होते शिनानो माइनिचि या नागानोच्या पेपरचे, १९३३ ला लष्कराने टोकियोवर हवाई हल्ल्याची तालीम केली तर यांनी अग्रलेखात लिहिलं की विमानं शहरावर येऊ दिली म्हणजे युद्ध हरल्यातच जमा, लाकडी घरं आहेत, राख होईल. नोकरी गेली. बारा वर्षांनी टोकियो जळलं. ३ मे १९८७ ला, म्हणजे इथल्या राज्यघटनेच्या दिवशी, आसाहिच्या निशिनोमियाच्या ऑफिसात एक माणूस बंदूक घेऊन घुसला आणि कोजिरि तोमोहिरो हा २९ वर्षांचा पत्रकार मारला गेला. मारेकरी सापडला नाही, २००२ ला खटल्याची मुदत पण संपली.

आणि इशिनोमाकि. २०११ च्या त्सुनामीत तिथल्या छोट्या स्थानिक पेपरचा छापखाना बंद पडला. वीज नाही, कागदाचा रोल तेवढा ओला न झालेला. सहा दिवस त्यांनी मार्करने हाताने पेपर लिहिला आणि छावण्यांत भिंतींवर लावला. कुठे पाणी मिळतंय, कुठला रस्ता चालू. मी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय, अक्षर कसलं नीट आहे, एकाही ओळीत घाई नाही. तिथे कुणाला "वाकात्ता" लिहायची गरज पडली नाही.

फुटकळ गोष्टी. महिन्यातून साधारण एक दिवस, बहुतेक सोमवारी, सकाळचा पेपर नसतो, आणि जवळजवळ सगळे पेपर एकाच दिवशी सुट्टी घेतात, आधीपासून ठरवून. स्पर्धक आहेत म्हणे. घरी पेपर लावला तर विक्रीकर ८ टक्के, स्टेशनवर सुटा घेतला तर १०, २०१९ ला खाण्यापिण्याचं सोडून बाकी बहुतेक गोष्टींचा कर वाढला तेव्हा पेपरांनी ही सवलत मिळवली, आता त्याच सरकारबद्दल लिहायचंय. पेपरसोबत सुपरमार्केटच्या जाहिरातींचा गठ्ठा येतो, बायको पेपर उघडत नाही पण तो गठ्ठा पेनने खुणा करत वाचते, तिच्या मते वर्गणीतले निम्मे पैसे तिथेच वसूल होतात, मुळा आणि अंडी यांचं तिचं गणित पक्कं आहे. आणि रद्दी! दुकानवाले दर महिन्याला जाड कागदी पिशवी देतात, त्यात भरून दाराबाहेर ठेवायची, ते नेतात आणि बदल्यात टॉयलेट पेपरचा रोल ठेवून जातात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे किलोने विकत नाहीत का? फसवतात तुला."

स्टार द्यायचे तर पेपर टाकण्याला पाचपैकी पाच, कविता-शोगीच्या पानांना पाच, बातम्यांना तीन, त्यातला एक त्या दोन-चार लोकांसाठी जे क्लबात बसून पण हात वर करतात. कुणी लावावा? ज्याचं जपानी बऱ्यापैकी आहे आणि ज्याला सकाळी पाऊण तास मिळतो त्याने. फक्त राजकारण समजून घ्यायला लावणार असाल तर त्यापेक्षा एखादं साप्ताहिक घ्या आणि शनिवारी लायब्ररीत जा.

परवा काका परत आले, मुदत संपत आलीये म्हणून. मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतः कुठला पेपर वाचता. ते जरा थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले की सगळे वाचतो, गठ्ठे बांधताना, पण मथळे सारखेच असतात म्हणून फार वेळ लागत नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तोवर बायकोने साबणाचे तीन डबे आत नेऊन ठेवले होते.